पाठीला बांधलेला डबा

ट्यूटरिंग सेंटरमध्ये माझ्यासमोर बसलेल्या मुलानं निबंधाचे कागद टेबलावर पसरले आणि समासातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. प्राध्यापकांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'ऑक'. एकदा नाही, पाच ठिकाणी. 'ऑकवर्ड', म्हणजे वाक्य अवघडलंय, याचं हे लघुरूप. इथले शिक्षक ते सर्रास वापरतात. मुलगा चार वर्षांपूर्वी व्हिएतनामहून आलेला, कम्प्युटरचा कोर्स करणारा. युनिक्समध्ये मजकूर चाळायला 'ऑक' नावाची एक छोटी भाषा आहे, स्पेलिंगही तेच, आणि ती त्याला चांगली येत होती. आपला निबंध सरांना त्या प्रोग्राममधून काढून हवाय असं समजून त्यानं दोन संध्याकाळी त्यात घालवल्या होत्या. मला हसू आलं. तो हसला नाही. 'मग त्यांनी पूर्ण शब्द का नाही लिहिला?' एवढंच त्यानं विचारलं.

मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात अर्धवेळ ट्यूटर आहे. अर्ध्या तासाची भेट, समोर एक विद्यार्थी, त्याचा एक निबंध. व्हिएतनामी, स्पॅनिश, फारसी, मँडरिन, अम्हारिक, पंजाबी, आणि क्वचित मराठीसुद्धा घरी बोलणारी माणसं माझ्याकडे येतात. त्यांना मदत करायला हवी यावर कॉलेजात कुणाचंच दुमत नाही. वाद क्रमाचा आहे. आधी इंग्रजी पक्कं करून घ्यायचं आणि मग बाकीचे विषय, की दोन्ही बरोबर? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे, आणि ते का ते सांगते. त्या बाजूनंही एक लबाडी चालते, तीही सांगते.

आधी थोडी ओळख. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. पहिलं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं, आता एकट्या कॅलिफोर्नियात ११६ आहेत. प्रवेशाला गुणांची अट नाही. राज्यात राहणाऱ्याला एका युनिटला ४६ डॉलर फी, म्हणजे तीन युनिटांचा विषय १३८ डॉलरला. दोन वर्षं इथं काढून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता येतं, किंवा एखादं सर्टिफिकेट घेऊन थेट कामाला लागता येतं. आपली बहुतेक मंडळी एमएसला थेट विद्यापीठात उतरतात, त्यामुळे हे जग त्यांना फारसं माहीत नसतं. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी सांगितलं की मुलगा कम्युनिटी कॉलेजात जातो, की दोन सेकंद शांतता पसरते. तीच मंडळी उन्हाळ्यात आपल्या अकरावीतल्या मुलीला तिथं कॅल्क्युलस करायला पाठवतात, कारण स्वस्त पडतं.

तर क्रमाचा वाद. आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत रीत अशी होती: नवा विद्यार्थी आला की त्याची चाचणी घ्यायची आणि तिच्यावरून त्याची पायरी ठरवायची. परक्या भाषेतून आलेल्यांसाठी इंग्रजीच्या वेगळ्या वर्गांची शिडी असायची. कुठे चार पायऱ्या, कुठे पाच-सहा. प्रत्येक पायरीला एक सेमिस्टर. ती चढून गेल्यावर कॉलेजचं 'खरं' इंग्रजी, म्हणजे विद्यापीठात ज्याचं क्रेडिट धरलं जातं ते. ऐकायला हे रास्त वाटतं. पाया भक्कम करा, मग मजले चढवा.

पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. पाच पायऱ्या धरा. प्रत्येक वर्गात शंभरातले ८० पास होतात असं धरा, आणि हा निकाल काही वाईट नाही, कुठलाही प्राचार्य खूश होईल. पहिल्या पायरीनंतर उरले ८०. दुसरीनंतर ६४. तिसरीनंतर ५१. चौथीनंतर ४१. पाचवीनंतर ३३. एकही वर्ग वाईट शिकवला नाही, एकाही शिक्षिकेनं कामचुकारपणा केला नाही, तरी शंभरातले ६७ जण कॉलेजच्या पहिल्या विषयाच्या दारापर्यंतही पोचले नाहीत. शिवाय यात पास होऊनही पुढच्या सेमिस्टरला न आलेले धरलेलेच नाहीत. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाला दुसरं मूल होतं, कुणाची गाडी बंद पडते. शिडी जितकी लांब, तितक्या तिच्यावरून उतरून जायच्या जागा जास्त.

त्यात पैशाचं घड्याळ चालू असतं. अमेरिकेत गरीब विद्यार्थ्याला पेल ग्रँट मिळते, केंद्र सरकारची, परत न करायची. २०१२ पासून तिला आयुष्यभरात १२ सेमिस्टरची मर्यादा आहे. इंग्रजीच्या शिडीवर घालवलेलं सेमिस्टरही, त्यासाठी ग्रँट वापरली असेल, तर या बारात मोजलं जातं. म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त वेळ लागणार, त्याचेच पैसे मुख्य विषय सुरू व्हायच्या आधी संपत येतात.

आणि वेळ लागतोच. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळकरी मुलांबाबत एक भेद मांडला, तो आजही शिक्षकांच्या तोंडी असतो. मैदानातली, दुकानातली बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकातली, परीक्षेतली भाषा अंगी यायला पाच ते सात वर्षं लागतात. ही झाली दिवसभर शाळेत बसणारी मुलं. माझ्यासमोर बसणारी माणसं रात्री गोदामात खोकी उचलून सकाळी वर्गात येतात. त्यांना 'आधी भाषा पक्की करून या' म्हणणं म्हणजे येऊ नका असंच सभ्यपणे सांगणं.

साताऱ्या-सांगलीकडे पोरांना पोहायला कसं शिकवतात ते आठवा. पाठीला रिकामा डबा बांधायचा, नाहीतर वाळका भोपळा, आणि सरळ विहिरीत उतरवायचं. काठावर कुणी मामा, कुणी थोरला भाऊ. काठावर झोपवून हातपाय मारायला शिकवू, मग पुढच्या वर्षी पाण्याचं बघू, असं कुणी म्हणत नाही. पण डबा न बांधता ढकलायचं आणि काठावरच्या माणसानंही घरी निघून जायचं, असंही कुणी करत नाही.

२०१७ मध्ये कॅलिफोर्नियात 'एबी ७०५' नावाचा कायदा झाला. केवळ चाचणीच्या जोरावर विद्यार्थ्याला खालच्या वर्गात ढकलायला त्यानं मनाई केली. हायस्कूलचे गुण विचारात घ्यायला लावले. इंग्रजी शिकत असलेल्या विद्यार्थ्यानं तीन वर्षांच्या आत विद्यापीठपात्र इंग्रजीचा विषय पूर्ण करण्याची शक्यता जास्तीत जास्त वाढेल अशी रचना करा, असं कॉलेजांना बजावलं. २०२२ च्या 'एबी १७०५' नं हा आग्रह आणखी कडक केला. फ्लोरिडा, टेक्सस यांनीही आपापल्या परीनं जुनी शिडी मोडली. थोडक्यात, काठावर झोपवून शिकवणं बंद. मला हे पटतं.

ज्यांना पटत नाही त्यांना मी ओळखते, आणि ती सगळी मुद्दे नसलेली माणसं नाहीत. आमच्या विभागात तीस वर्षं शिकवलेल्या एक बाई आहेत. त्या म्हणतात, मेक्सिकोतल्या ओहाकाच्या डोंगरातून आलेला, सहावीपर्यंत शिकलेला, घरी स्पॅनिशसुद्धा नव्हे तर मिश्तेक बोलणारा पंचेचाळीस वर्षांचा माणूस आणि बंगळुरूहून आलेली बीई झालेली बाई, या दोघांना एकाच कायद्यानं कसं तोलता? बरोबर आहे त्यांचं. कुणाला सुरुवातीला वर्षभर नुसती भाषाच लागते, आणि ती हळू शिकवणारा वर्गही लागतो. असे वर्ग बंद करून कायद्याचं पालन झालं म्हणणारं कॉलेज आळशी असतं. पण बाईंच्या जुन्या शिडीवर तो ओहाकाचा माणूस टिकत होता का, हा प्रश्न मी त्यांना विचारते तेव्हा त्या गप्प होतात. टिकत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आता त्या लबाडीकडे येते. शिडी मोडायला खर्च येत नाही, उलट वाचतो. डब्याला पैसे लागतात.

वॉशिंग्टन राज्यानं हे डोळे उघडे ठेवून केलं. २००४-०५ मध्ये तिथल्या दहा कॉलेजांत 'आय-बेस्ट' नावाचा प्रयोग सुरू झाला, पुढे तो राज्यभर गेला. कल्पना साधी: नर्सिंग असिस्टंटचा किंवा वेल्डिंगचा वर्ग, आणि त्यात एकाच वेळी दोन शिक्षक. एक विषयाचा, एक भाषेचा. वर्गाचा किमान अर्धा वेळ दोघांनी बरोबर उभं राहायचं. विषयाच्या शिक्षकानं रक्तदाब कसा मोजायचा ते सांगितलं, की भाषेची शिक्षिका तोच आकडा वरिष्ठ नर्सला तोंडी कसा कळवायचा, चार्टवर कसा लिहायचा, याचा सराव तिथंच करून घेते. कोलंबिया विद्यापीठाच्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्रानं याचा अभ्यास केला. त्यांच्यासारख्याच पण या वर्गात नसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा आय-बेस्टच्या विद्यार्थ्यांनी जास्त क्रेडिट आणि जास्त सर्टिफिकेटं मिळवली असं आढळलं. पण मला त्यातला सर्वांत मोलाचा आकडा वेगळाच वाटतो. या वर्गातल्या विद्यार्थ्यामागे राज्यानं नेहमीच्या १.७५ पट निधी द्यायचं ठरवलं. दोन माणसं उभी करायची तर दोन माणसांच्या आसपास पैसे लागतात, हे एका सरकारनं कागदावर मान्य केलं.

आमच्याकडे काय झालं? पहिल्या वर्षी उत्साहात प्रत्येक इंग्रजीच्या वर्गाला एक ट्यूटर जोडला. मी दोन वर्गांत बसायचे. शिक्षकांनी 'थीसिस स्टेटमेंट', म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य, असं म्हटलं की मागच्या बाकावरचे चार चेहरे कोरे व्हायचे, ते मला पुढूनच दिसायचं, आणि गटचर्चा सुरू झाली की मी तिकडे सरकायचे. दुसऱ्या वर्षी तास निम्मे झाले. तिसऱ्या वर्षी वर्गात बसणं बंद होऊन 'गरज वाटल्यास विद्यार्थ्यांनी अपॉइंटमेंट घ्यावी' असं झालं. गरज वाटणं हेसुद्धा एक कौशल्य असतं, आणि ते नेमकं ज्यांना लागतं त्यांच्याकडे कमी असतं. वेबसाइटवर मात्र अजून 'सर्वंकष साहाय्य' असंच लिहिलंय.

शिकवणाऱ्यांचीही गोष्ट हीच. अर्धवेळ शिक्षकाला कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका व्यवस्थापनाखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणून तो दोन-तीन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतो आणि मधला वेळ गाडीत काढतो. इथं त्यांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात, आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचे सख्खे भाऊ. सहा वाजता दुसऱ्या गावी वर्ग असलेला माणूस समासात 'ऑक' लिहितो, कारण 'ऑकवर्ड' लिहून पुढे का ते सांगायला त्याच्याकडे वेळ नसतो. हा त्याचा दोष आहे असं मला म्हणवत नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. अकरावी सायन्सला पहिल्याच दिवशी सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि आठवडाभर मी फक्त फळ्यावरची चित्रं उतरवून घेतली. वाचवलं ते फिजिक्सच्या सरांनी. ते फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि बोलायचे मराठीत. 'इनर्शिया म्हणजे काय रे? जडत्व. सातवीत काय शिकलात? तेच. बैल उठत नाही ते जडत्व, आणि उधळलेला थांबत नाही तेही जडत्वच. आता इंग्रजीत लिहा.' आम्ही लिहायचो. कल्पना आमच्याकडे होतीच, तिच्यावर फक्त नवी पाटी लावायची होती. सरांना कुठल्या सिद्धांताची गरज पडली नाही. त्यांच्यासमोर ऐंशी पोरं होती आणि मार्चमध्ये परीक्षा.

न्यू यॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये १९६८ मध्ये स्थापन झालेलं होस्टोस कम्युनिटी कॉलेज याच विचारावर उभं राहिलं. पोर्तो रिकोच्या एका शिक्षणतज्ज्ञाचं नाव दिलेल्या या कॉलेजात विद्यार्थी इंग्रजी शिकत असतानाच काही विषय स्पॅनिशमधून शिकू शकत. गंमत म्हणजे हीच गोष्ट पुढे त्याच्या गळ्याशी आली. १९९७ मध्ये, पदवीदानाच्या तोंडावर, हे कॉलेज ज्याच्या छत्राखाली येतं त्या विद्यापीठाच्या विश्वस्तांनी इंग्रजी लेखनाची परीक्षा पास झाल्याशिवाय पदवी नाही असा ठराव केला. गाउन आणून ठेवलेल्यांना समारंभाच्या आधी काही दिवस हे कळलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. नियम मुळात चुकीचा होता असं मी म्हणत नाही. इंग्रजीतून काम करायचं तर इंग्रजी लिहिता यायला हवं. पण दोन-तीन वर्षं वर्गात बसवून घ्यायचं आणि दारातून बाहेर पडताना तिकीट विचारायचं, याला कसोटी म्हणत नाहीत.

मराठी माणसाचा इथं संबंध काय, असं वाटेल. आमच्याकडे मिरजेच्या एक काकू येतात. मुलीनं ग्रीन कार्ड करून त्यांना आणलं. विनाक्रेडिट इंग्रजीच्या वर्गाला कॅलिफोर्नियात फी नाही, तिथं त्यांनी नाव घातलं. काकूंनी गावाकडे सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली. त्यांना कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करता येतो, वर्तमानपत्र वाचता येतं. पण औषधाच्या दुकानातून फोन आला की त्या तो माझ्या हातात देतात. 'अगं, वाचता येतं सगळं. पण ही माणसं बोलतात ते कानातून आत पोचेपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं.' इथले शिक्षक अशांना डोळ्यांनी शिकलेले म्हणतात. त्यांच्याच वर्गात लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला एक मुलगा बसतो, तो कानांनी शिकलेला. फाडफाड बोलतो, आणि 'वुड हॅव'च्या जागी 'वुड ऑफ' लिहितो, कारण त्याला ऐकू तेच येतं. दोघांना एकच पुस्तक. काकूंना त्यातलं व्याकरण येतं, मुलाला त्यातले संवाद येतात, आणि दोघंही कंटाळतात.

काकूंना बालवाडीत काम करायचंय. या राज्यात बालसंगोपन सहायकाच्या परमिटला ६ युनिट लागतात, म्हणजे दोन विषय. त्या समुपदेशकाकडे गेल्या. तिनं गोड बोलून सांगितलं, आधी इंग्रजीच्या लेव्हल पूर्ण करा, मग बघू. लेव्हल अजून तीन आहेत. काकू चौसष्ट वर्षांच्या आहेत.

'पोरं सांभाळायला किती इंग्रजी लागतं गं?' त्यांनी मला विचारलं.

लागतं, थोडं लागतं. मूल पडलं तर आईला फोन करून सांगता यायला हवं, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याचं नाव डब्यावर वाचता यायला हवं, अपघाताचा फॉर्म भरता यायला हवा. पण नेमकं हेच इंग्रजी लेव्हल तीनच्या पुस्तकात नाही, तिथं विमानतळावर सामान हरवल्याचा धडा आहे. ते बालसंगोपनाच्या वर्गात आहे. काकूंना त्या वर्गात घ्या, आठवड्यातून दोनदा भाषेची एक शिक्षिका शेजारी बसवा, सहा महिन्यांत त्यांचं इंग्रजी लेव्हलांपेक्षा पुढे जाईल, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. दोन-चार वर्षांच्या पोरांशी बोलण्यासारखा तर दुसरा सराव नाही. ती न लाजता चूक सुधारतात आणि एकच वाक्य चाळीस वेळा म्हणतात.

हे करायला नवा कायदा लागत नाही. पण प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला मान्य करावं लागेल की भाषा हा फक्त इंग्रजी विभागाचा प्रांत नाही. संख्याशास्त्राच्या वर्गात 'मीन' म्हणजे सरासरी, घरी 'मीन' म्हणजे दुष्ट, आणि 'व्हॉट डू यू मीन' म्हणजे तिसरंच काही. 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं असं कोशात पाहून आलेल्या मुलीला त्या वर्गात तोच शब्द 'नुसत्या योगायोगानं आलेला नसावा असा' या वेगळ्याच अर्थानं भेटतो आणि गुण घालवायला लावतो. शरीरशास्त्राच्या परीक्षेत प्रश्न येतो, 'खालीलपैकी कोणते वगळता सर्व'. पाचही पर्याय पाठ असलेला विद्यार्थी 'वगळता' या एका शब्दावर घसरतो. ही परीक्षा यकृताची की नकाराची? एका प्राध्यापिकेनं माझ्या सांगण्यावरून असे प्रश्न सरळ करून पाहिले. 'विषय सोपा होईल' ही त्यांची भीती होती. नंतर त्या म्हणाल्या, ज्यांनी अभ्यास केला नव्हता ते तरीही नापासच झाले.

निबंधातल्या चुकांचंही तसंच. व्हिएतनामीत 'ए' आणि 'द' नाहीत, मराठीतही नाहीत. मी वीस वर्षं इथं राहून अजून कधी कधी 'द' कुठं घालायचा ते उच्चारून बघते. चार पानी निबंधात चाळीस 'द' लाल करणं सोपं असतं, कारण त्यासाठी निबंध काय म्हणतोय ते वाचावं लागत नाही. मी आधी मुद्दा वाचते. मुद्दा उभा असेल तर एकाच प्रकारची चूक त्या दिवशी घेते, बाकीच्या पुढच्या वेळी. अर्ध्या तासात एवढंच होतं. दीड तास मिळाला तर जास्त होईल, आणि तो दीड तास अंदाजपत्रकात कोणत्या ओळीवर आहे हे मी दर वर्षी बैठकीत विचारते. अजून ओळ सापडलेली नाही.

तो व्हिएतनामी मुलगा गेल्या आठवड्यात परत आला होता. या वेळी त्याच्या हातात स्वतःचा निबंध नव्हता, सरांनी दिलेला प्रश्न होता, दोन पानी. दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य सहा ओळी चाललं होतं, मध्ये दोन कंस आणि एक अर्धविराम. मी दोनदा वाचलं, मलाही धड कळलं नाही. मग मला समास दिसला. त्यानं पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ऑक?'